भीतीचा मुक्काम

रविवारी सातशे मुलांचे हात अंगावरून फिरून गेले, तरी सोमवारी सकाळी स्नेहांगणातल्या शेळ्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच्या वर जात नसत. ससे जाळीच्या पुढच्या बाजूला येऊन बसत. गाढवाचे शिंगरू अनोळखी माणसाच्याही खिशाला नाक लावी. पुण्याहून दीड तासावर, उघड्या माळावर वसवलेल्या या बालप्राणीवाडीची ख्याती त्यामुळेच झाली होती. डबे, चटया आणि आजीआजोबांसह कुटुंबे सकाळी नऊला दाराशी येत आणि मुलांना खुशाल कोकरांच्या गळ्यात पडू देत. सहा वर्षांत कुणाला लाथ बसली नव्हती, की ससा चावला नव्हता.

इतर प्राणीवाड्यांत असे होत नसे. तिथे दोन महिन्यांत शेळ्या माणूस दिसताच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत आणि ससे खाणे सोडून मरत. स्नेहांगणात तसे न होण्याचे कारण प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या उंच खुर्चीवर बसलेले होते. डॉ. अन्नपूर्णा घारपुरे अडुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत.

“बाई, ही पांढरी शेळी अठ्ठ्याहत्तर,” पशुवैद्य डॉ. मुजावर कानांतून श्रवणनळी काढत म्हणाले. ते बाईंचे जुने विद्यार्थी. “काल हिच्या कानाला दोन पोरं लोंबकळली होती.”

“पोरं नव्हे, मुजावर. पाहुणे.”

“बरं. दोन पाहुणे लोंबकळले होते, असं लिहितो.”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ते वाक्य खोडायलाही सांगितले नाही.

त्याच वेळी दार उघडून त्यांची सून रेणुका आत आली. तिच्या कडेवर जुई होती. जुईला चार वर्षे पूर्ण होऊन दहा महिने झाले होते. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली होती आणि चेहरा रडून सुकलेला होता.

“आई, तिसऱ्यांदा,” रेणुका म्हणाली. तिचा आवाज ठिकाणावर नव्हता. “तव्याला हात. गेल्या सोमवारी एकदा, शुक्रवारी एकदा, आणि आता तासाभरापूर्वी. तोच तवा, तीच शेगडी.”

“आणि मला आज सांगतेस?”

“त्याच दिवशी सांगणार होते. पण सकाळी उठल्यावर वाटलं, एवढं काय त्यात.”

बाईंनी जुईला टेबलावर बसवले, पट्टी सोडून हात पाहिला, पुन्हा बांधला.

“जुई, तवा काय करतो?”

“भाजतो.”

“किती भाजतो?”

“खूप. मी रडले होते. आईपण रडली होती.”

“मग आज हात का लावलास?”

जुईने थोडा विचार केला. “पोळी फुगली होती.”

“तव्याची भीती नाही वाटली?”

“भाजल्यावर वाटली ना.”

मग बाईंनी रेणुकाला मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले.

“मुजावर, परीक्षेला बसला आहेस असं समज. पहिल्यापासून मांड.”

मुजावर उभेच राहिले. “प्राणी घाबरला की मेंदूत त्या भीतीची कच्ची नोंद होते. तो झोपला की ती पक्की होते. त्याला आपण भयस्थिरीकरण म्हणतो. आपण जे केशजीवी जिवाणू घडवले, ते प्राण्याच्या केसांच्या मुळाशी राहतात आणि निर्भार नावाचं द्रव्य तयार करतात. निर्भार मेंदूत पोचलं की झोपेत नोंद पक्की होत नाही, आणि नुकती पक्की झालेलीही पुसली जाते.”

“म्हणजे शेळीला भीती वाटत नाही?”

“वाटते, बाई. वाटलीच पाहिजे, नाहीतर ती मोटारीखाली जाईल. कान ओढला की ती दचकते, पळते. पण ती भीती दुसऱ्या दिवसापर्यंत पोचत नाही.”

“आणि घटना? ती विसरते?”

“घटना लक्षात राहते. घटनेचा मेंदूतला रस्ता वेगळा, भीतीचा वेगळा. काल या मुलानं कान ओढला हे तिला माहीत असतं. त्या माहितीनं तिच्या पायांना पळावंसं वाटत नाही, इतकंच.”

“उत्तीर्ण. आता सांग, हे माणसाला का होत नाही?”

“हात तोंडात गेला तर पोटातल्या आम्लात निर्भारही नष्ट होतं आणि जिवाणूही. तळहाताला केस नाहीत, तिथं ते टिकत नाहीत. परदेशात तीन वर्षं चाचण्या झाल्यात. तोच आराखडा आपण इथं वापरला. शिवाय बाहेर पडताना सगळे साबणानं हात धुतात.”

“तिथल्या माणसांनी गाईला हात लावला, की पुढे तो हात कुठे जातो?”

“विजारीला पुसतात. नाहीतर तोंडाकडे.”

“आणि आपल्या माणसांचा?”

मुजावरांनी खिडकीबाहेर पाहिले. आज सोमवार असूनही चार-पाच कुटुंबे आली होती. एक तरुण स्त्री गाईला घास भरवत होती. घास संपल्यावर तिने गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. मग काखेतल्या वर्षाच्या बाळाचा हात धरून गाईच्या वशिंडाला टेकवला, आणि तोच हात बाळाच्या डोळ्यांना, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मागे उभ्या असलेल्या आजोबांनीही तसेच केले. हात धुण्याचे टाके तिथून शंभर पावलांवर होते.

“पापण्या,” मुजावर हलक्या आवाजात म्हणाले. “केस दाट, मुळं ओली. तिथून अश्रुमार्गानं नाकात. आणि नाकाच्या छतापासून मेंदू हातभरही लांब नाही.”

“हातभर काय, बोटभरही नाही,” बाई म्हणाल्या. चाचणीच्या आराखड्याचा मराठी तर्जुमा त्यांनी स्वतः केला होता. त्यातले एक वाक्यही त्यांनी बदलले नव्हते.

त्यांनी जुईच्या पापण्यांच्या मुळांचा नमुना घेतला. दुपारपर्यंत वाडीत आलेल्या मुलांपैकी वीस जणांचे नमुने घेतले. जुईच्या नमुन्यात केशजीवी होते. उरलेल्या वीसपैकी अठरांत होते. नसलेली दोन मुले पहिल्यांदाच आलेली होती.

“मुलांच्या बाबतीत एक मुदत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. “भीती साठवणारी मेंदूतली जागा साठवून साठवूनच घडते, आणि ती सहाव्या वर्षापर्यंत घडते. तोवर काही साठलंच नाही, तर पुढे जिवाणू काढून उपयोग नाही. जुईला चौदा महिने आहेत. काहींना चारच असतील.”

उपाय अवघड नव्हता. केशजीवींना खाणारा एक विषाणू प्रयोगशाळेत राखलेला होता. त्याचे मलम चाळीस दिवस रोज पापण्यांना लावले की जिवाणू निघून जाणार होते. मलम दिवसभरात नासत असे, त्यामुळे ते रोज ताजे बनवावे लागणार होते. वाडी बंद करावी लागणार होती. वर्षाचा परवाना घेऊन वारंवार येणारी चारशे बारा कुटुंबे होती. त्या प्रत्येकाच्या घरी जावे लागणार होते.

“आज्ञापत्र आत्ताच काढू,” मुजावर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “मी टंकतो, तुम्ही सही करा.”

“उद्या अकरा वाजता.”

“बाई!”

“माझ्या संस्थेत कोणताही कागद आल्या दिवशी सही होऊन जात नाही. तीस वर्षांपूर्वी मी रागाच्या भरात एका माणसाला काढलं होतं. चूक माझी होती. तेव्हापासून निर्णय रात्र उलटल्यावर, थंड डोक्यानं. हा तर सर्वांत मोठा निर्णय आहे.”

त्या संध्याकाळी बाईंनी मुलाला दूरध्वनी केला. मकरंद मालवाहू जहाजावर अभियंता होता आणि तीन महिने भर समुद्रात असणार होता. त्यांनी त्याला सारे सांगितले. सांगताना त्यांनी दोनदा पदराचे टोक डोळ्यांना लावले.

मंगळवारी अकरा वाजता सभा झाली. वाडीतले सव्वीसच्या सव्वीस कर्मचारी होते. बाईंनी अहवाल वाचून दाखवला. त्यातले एकही विधान कुणी नाकारले नाही. एकाने विचारले की दिवाळीच्या सुट्टीसाठी पुष्कळ कुटुंबांनी आधीच जागा राखल्या आहेत, त्यांचे काय करायचे. मुजावर म्हणाले, सुट्टी होऊन जाऊ द्यावी, मग निवांतपणे बंद करता येईल. बाईंना हे म्हणणे वाजवी वाटले. दुसरा विषय सशांच्या घरावरच्या पत्र्याचा होता. त्याला अधिक वेळ लागला.

नवव्या दिवशी मकरंदचा दूरध्वनी आला.

“आई, वाडी बंद झाली का?”

“सुट्टी संपल्यावर करायचं ठरलं आहे.”

“जुईला मलम सुरू केलं?”

“अजून नाही. करू या.”



“आई, त्या संध्याकाळी तू रडत होतीस. तुला आठवतं का?”

“आठवतं तर. साडेसात वाजले होते.”

“आणि आता काय वाटतं?”

बाईंनी प्रामाणिकपणे शोध घेतला. त्या संध्याकाळची सर्व माहिती जागच्या जागी होती. आपण काय म्हणालो, कुठे उभ्या होतो, पदराचे कोणते टोक डोळ्यांना लावले, सगळे.

“काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या.

“मी आठ दिवस धड झोपलेलो नाही. रेणुकाला फोन केला तर ती म्हणते, ‘अहो, जुई खेळतेय, मजेत आहे.’ आई, तू रोज सकाळी त्या गाईला नमस्कार करतेस ना गं?”

“सहा वर्षं,” बाई म्हणाल्या, आणि दूरध्वनी खाली ठेवून त्यांनी नमुना घेण्याची काडी उचलली.

त्यांच्या पापण्यांत केशजीवी होते. मुजावर म्हणाले, आम्ही काही गाईला हात लावून डोळ्यांना लावत नाही; पण कोकराला पाजून झाल्यावर त्याच हाताने डोळे चोळायची सवय त्यांना होती, आणि त्यांच्याही पापण्यांत केशजीवी होते. रेणुकाच्या होते. सव्वीस कर्मचाऱ्यांच्या होते.

बाईंनी ही माहिती कागदावर लिहिली आणि तिच्याकडे पाहिले. घाबरण्यासारखे आहे, हे त्यांना समजत होते. गणिताचे उत्तर समजावे, तसे. त्या दिवशी मात्र मुलाचा आवाज ऐकल्यामुळे असेल, छातीत थोडे काही हलले होते, आणि ते संध्याकाळपर्यंतच टिकणार हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागद आला त्याच तासाला त्यावर सही केली. वाडीचे दार दुपारी बंद झाले. वरच्या कार्यालयाला अहवाल गेला. चार दिवसांनी त्याची पोच आली आणि एक समिती नेमण्याचा विचार असल्याचे कळले. तिथल्या अधिकाऱ्यांनाही मुले होती आणि त्यांनाही रविवार होते.

दुसऱ्या दिवशी मलम बनवायला कुणी आले नाही, असे नव्हे. सगळे आले. सगळ्यांनी चहा घेतला. दोघांनी यंत्र धुतले. तीन वाजता पन्नास डब्या भरून झाल्या होत्या. लागत होत्या सोळाशे.

बाईंनी तिसऱ्या दिवशी जुईच्या तळहाताची छायाचित्रे भिंतीवर लावली. लोकांनी ती पाहिली. चौथ्या दिवशी अहवाल पुन्हा मोठ्याने वाचला.

“बाई, हे सगळं आम्हाला माहीत आहे,” यंत्रावरची सुलोचना अदबीने म्हणाली.

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “माहीत आहे.”

पाचव्या दिवशी सकाळी जुई वैरणघरात खेळत होती. वैरणघराला वर एक माळा होता आणि खाली पेंढा टाकलेला असे. रेणुका बेसावध असताना जुई शिडीने वर चढली आणि काठावरून खाली आली. रेणुकाची किंकाळी प्रयोगशाळेपर्यंत ऐकू गेली. सव्वीस माणसे धावली. बाई अडुसष्टाव्या वर्षी धावल्या. जुई पेंढ्यात पडली होती, तिला खरचटलेही नव्हते, पण ती श्वास कोंडेपर्यंत रडत होती.

त्या दिवशी कुणी चहा घेतला नाही. दुपारी एकपर्यंत सोळाशे डब्या तयार झाल्या. संध्याकाळपर्यंत चारशे बारा घरी जाऊन कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या बोटांनी मुलांच्या आणि मोठ्यांच्या पापण्यांना मलम लावले. कुणी विरोध केला नाही. लोक दारात उभे राहून डोळे मिटत, आणि मग चहा घेणार का, असे विचारत.

पुढच्या सकाळी, दुपारी तीनपर्यंतचा हिशेब साठ डब्यांचा लागेल, असे बाईंना दिसले. त्या वैरणघरात गेल्या. माळ्याची उंची साडेआठ फूट होती. पेंढ्याची जाडी चार फूट भरली. त्यांनी ती साडेपाच करून घेतली. मग मुजावरांकडून जुईच्या वजनाचे, सोळा किलोंचे, ज्वारीचे पोते वरून तीनदा खाली टाकवले आणि प्रत्येक वेळी खाली किती पेंढा उरतो ते मोजले.

“बाई, हे कशाला?” मुजावर म्हणाले. मग त्यांना समजले, आणि ते पोत्यावर बसले.

“भीती दिवसाची दिवसाला वापरली पाहिजे,” बाई म्हणाल्या. “आणि ती ऐकून किंवा वाचून येत नाही. डोळ्यांपुढे घडावी लागते. चाळीस सकाळी.”

“दुसरं काहीतरी शोधू. एखादा चित्रपट...”

“पडद्यावरचं मूल वाचलेलं असतं. ते आपल्याला माहीत असतं.”

संध्याकाळी त्यांनी रेणुकाला समोर बसवून सांगितले.

“आई, तुम्ही शुद्धीवर आहात ना?” रेणुका उभी राहिली. “माझी मुलगी आहे ती. पोतं नव्हे.”

“माझी नात आहे. म्हणूनच दुसऱ्याचं मूल घेत नाही.”

“ती उडी मारून दाखवेल, हवं तर.”

“उडीला कुणी घाबरत नाही. तीही नाही. पाठीमागून लोटावं लागेल, आणि ते मी करीन. पेंढा मोजला आहे. तिला इजा होणार नाही.”

“घाबरेल ती!”

“घाबरेल. आणि सकाळी ती भीती उरणार नाही. आजारी आहे तोवर उरणार नाही.”

“आणि बरी झाल्यावर?”

“बरी झाली की लोटायची गरज संपली.”

“माझं उत्तर नाही असं आहे, आई. कायमचं नाही.” तिने जुईला उचलले आणि मागे न पाहता निघून गेली.

सकाळी साडेसातला रेणुका जुईला घेऊन वैरणघरापाशी आली. जुईची वेणी घातलेली होती. “आठला म्हणालात ना?” तिने विचारले.

त्यानंतरच्या सकाळी एकसारख्या गेल्या. आठ वाजता सव्वीस माणसे वैरणघरात उभी राहत. बाई शिडी चढत, मागोमाग जुई चढे. माळ्याच्या काठाशी दोघी उभ्या राहत.

“आजी, तू आज पण ढकलणार?”

“हो.”

“बरं. पण मग कोकरू दाखवशील?”

“दाखवीन.”

मग बाई तिच्या पाठीवर हात ठेवत. तळहाताखाली दोन बारीक हाडे लागत. ती पंखांसारखी सैल असत, कारण जुईने अंग चोरलेले नसे. बाई लोटत. किंकाळी येई. ढकलणारा हात स्वतःचा असूनही, पेंढा स्वतः मोजलेला असूनही, बाईंना दरवेळी पहिल्यांदाच वाटावी तशी भीती वाटे. खाली रेणुका धावत जाऊन मुलीला उराशी घेई आणि दिवसभर सासूशी एक शब्द बोलत नसे. जुई संध्याकाळपर्यंत आजीकडे पाहत नसे. दुसऱ्या सकाळी फाटकातून आत येताच ती हात पसरून आजीकडे पळत येई. रोज सोळाशे डब्या भरत.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस रेणुकाने सकाळी येताच सांगितले की पोळ्या करताना जुई अजून तव्याकडे हात नेते. चौथ्या आठवड्याच्या आरंभी मुजावरांनी सांगितले की मलम लावलेल्या शेळ्या आता हात पुढे केला की दोन पावले मागे सरतात. बाईंनी तारीख लिहून घेतली.

सत्ताविसाव्या सकाळी जुई फाटकातून आत आली ती आईच्या ओढणीला धरून. बाई शिडीपाशी उभ्या होत्या.

“चल, जुई.”

“नको.”

“कोकरू दाखवते मग.”

“नको. तू ढकलतेस.”

“कालही ढकललं होतं. परवाही.”

“परवाचं जाऊ दे,” जुई म्हणाली. तिचा खालचा ओठ थरथरत होता. “काल ढकललंस.”

बाई एक पाऊल पुढे आल्या. जुई झटकन आईच्या मागे गेली. बाईंनी हात पुढे केला. तेव्हा त्या मुलीने सगळे अंग आक्रसून घेतले, खांदे कानांपर्यंत नेले, आणि ती किंचाळली. अजून तिला कुणी स्पर्शही केला नव्हता.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्या दोघांनीही वाजवली. सुलोचना रडू लागली. मुजावरांनी खिशातून वही काढली.

“स्थिरीकरण झालं, बाई. रात्रीत पक्की झालेली पहिली नोंद. मेंदूतली जागा शाबूत आहे. पोरगी वाचली.” त्यांचे डोळे भरले होते. लिहिता लिहिता ते थांबले. “इथं एक रकाना आहे. भयविषय. म्हणजे, कशाची भीती साठली. माळ्याची म्हणू का? उंचीची?”

जुई माळ्याकडे पाहत नव्हती.

“जे आहे ते लिही,” बाई म्हणाल्या.

मुजावरांनी दोन अक्षरे लिहिली आणि वही मिटली.

बाईंना तेव्हा आपल्या युक्तिवादातली फट दिसली. बरी झाली की लोटायची गरज संपली, असे त्या म्हणाल्या होत्या. पण बरी झाली हे कळण्यासाठी एक लोटणे साठावेच लागणार होते. कोणते ते आधी कळण्याचा मार्ग नव्हता. शेळ्यांनी तीन दिवस आधी सांगितले होते, आणि त्यांनी फक्त तारीख लिहिली होती.

त्या दिवशीचे मलम कुणाला न घाबरवता बनले. काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांना कालचीच भीती पुरत होती. दुपारी रेणुका दाराशी आली. ती बाईंशी महिन्याभरानंतर नीट बोलली.

“आई, ती इकडं यायलाच नको म्हणते. काही दिवस माझ्या माहेरी घेऊन जाते. मलम रोज पाठवाल ना?”

“पाठवीन. तेरा दिवस चुकवू नकोस.”

“नाही चुकवणार.” ती थोडी घुटमळली. “तुम्ही तिला वाचवलंत. तिला मोठी झाल्यावर मी सांगेन.”

“सांग,” बाई म्हणाल्या. “माहीत होईल तिला.”

त्या रात्री बाई लवकर झोपल्या. मुलगी ओढणीमागे सरली त्या क्षणी छातीत जे काही उतरले होते, ते घेऊनच झोपल्या, आणि सहा वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते की सकाळी त्यातले फक्त वर्णन उरेल.

सकाळी सहा वाजता वाडीतल्या आपल्या खोलीत त्यांनी डोळे उघडले. ते तिथेच होते. कालच्याएवढेच, किंबहुना रात्रभर पडून थोडे घट्ट झालेले. आधीच्या सव्वीस सकाळी नुसत्या माहितीसारख्या पडून होत्या, त्यांचे काही वाटत नव्हते. पण कालची सकाळ हातात होती, तळहाताच्या मध्यभागी, जिथे ती दोन बारीक हाडे लागत.

बाईंनी स्वतःची नाडी मोजली. एकशे चार. त्यांनी वही घेतली, स्वतःच्या नावापुढे दिनांक लिहिला आणि शास्त्राला धरून एक ओळ लिहिली: भयस्थिरीकरण पूर्ववत.

टेबलावर त्या दिवशीची मलमाची डबी होती. चाळिसांपैकी तेरा दिवस बाकी होते. पापण्यांच्या मुळांशी काही केशजीवी अजून उरलेले असणार. चार दिवस मलम थांबवले तर ते पुन्हा वाढतील, आणि पाचव्या सकाळी हे उरणार नाही. हे गणित त्यांच्या मनात कुणी न सांगता, अत्यंत स्वच्छ मांडले गेले. बाई त्या डबीकडे बराच वेळ पाहत बसल्या. बाहेर शेळ्यांना सोडण्याची वेळ झाली. कुणीतरी फाटक उघडले, आणि माणसाचा आवाज ऐकून शेळ्या पलीकडच्या कुंपणाकडे पळाल्याचे ऐकू आले.

बाईंनी डबीचे झाकण काढले. बोटाच्या टोकावर मलम घेतले आणि ते उजव्या पापणीला लावले, मग डाव्या.